पाटी रिकामी होती, सलीम

सलीम, तुझ्या कबरीवर फळ्या ठेवायला लागले तेव्हा मी चार पावलं मागं सरकलो. लोकांना वाटलं, हिंदू माणूस आहे, संकोचला असेल. तुझ्या मेहुण्यानं हात धरून मला पुढं आणलं आणि म्हणाला, "दिलीपभाई, तुमचा हक आहे. माती द्या." मी तीन मुठी माती टाकली. संकोच वगैरे काही नव्हता. शेवटची फळी बसताना लाकडावर लाकूड आपटणार होतं आणि तो आवाज मला ऐकायचा नव्हता, एवढंच. एखादी जागा कायमची बंद होत असताना तिच्याजवळ उभं राहून कान देण्याचं काम मी आयुष्यात एकदा केलंय. तेव्हा मला काय ऐकू आलं, हे तू बावीस वर्षं विचारत राहिलास आणि मी सांगितलं नाही.

आज बारावा दिवस. पेपरात कोपऱ्यात बातमी आली होती, तुझा जुना गणवेशातला फोटो घालून. माजी नौसैनिक, जहाजांवरील अग्निसुरक्षा तज्ज्ञ, असं लिहिलं होतं. तज्ज्ञ हा शब्द वाचून तू पोट धरून हसला असतास. "आग विझवणारा बोल ना सीधं," असं म्हणाला असतास. बातमीत बाकी सगळं बरोबर होतं. म्हणजे त्यात काहीच नव्हतं.

आपल्या गावाला समुद्र नाही. आपण दोघं पोहायला शिकलो ते हर्सूलच्या तलावात, तेही चोरून. तुझ्या अब्बांचं सायकलीचं दुकान आणि आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या कारकुनी, त्यामुळं आपण नौदलात जातोय म्हटल्यावर दोन्ही घरांत सारखाच गोंधळ झाला. माझी आई तुझ्या अम्मीकडं जाऊन रडली आणि दोघींनी मिळून आपल्याला शिव्या घातल्या. पुढं पोस्टिंग वेगवेगळी होत गेली. तू आगीच्या कामात शिरलास आणि त्यातच राहिलास. मी जरा फिरत फिरत, दहा वर्षांनी, तुझ्याच जहाजावर येऊन पडलो. तू मला पहिल्या दिवशी डेकवर पाहिलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "हा माझ्या गावचा. ह्याला मी पोहायला शिकवलं. लई पाणी पिलं ह्यानं." शिकवलं मी तुला होतं, पण तेव्हा तू माझा सीनियर होतास, म्हणून गप्प बसलो.

तुझं शिकवणं मात्र खरं होतं. जमिनीवर आग लागली की माणूस पळतो, जहाजावर पळून जाणार कुठं, इथून तू सुरुवात करायचास. मग आम्हाला पोलादी भिंतीजवळ न्यायचास. एका बाजूला वेल्डिंग चालू असलं की पहारेकरी ठिणग्यांकडं बघत उभा राहतो, आणि पोलादातून ताप जाऊन आग लागते भिंतीच्या पलीकडच्या खोलीत, जिथं कोणी बघत नसतं. म्हणून कुठलंही दार उघडण्याआधी पालथा हात लावायचा. तळहात भाजला तर शिडी धरता येत नाही, पालथा भाजला तर चालतं. मी आजही स्वयंपाकघराचं दार पालथ्या हातानंच ढकलतो. सुनेला वाटतं, सासऱ्यांना सोवळं आहे.

आणि बिल्ले. धुरात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या श्वसनसंचाला त्याच्या नावाचा पितळी बिल्ला असायचा. आत जाताना तो दारावरच्या माणसाकडं द्यायचा. दारावरचा माणूस तो पाटीवर अडकवणार, शेजारी खडूनं वेळ लिहिणार, किती हवा उरलीय ते लिहिणार. बाहेर आल्यावर आपला बिल्ला आपण परत घ्यायचा. पाटीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. पाटी रिकामी म्हणजे आत कोणी नाही. "धुरात डोळे खोटं बोलतात, कान खोटं बोलतात," तू म्हणायचास, "पाटी खोटं बोलत नाय." हे वाक्य तू किती जणांना शिकवलं असशील देव जाणे. त्यातल्या एकानं ते तुझ्याच विरुद्ध वापरलं.

त्याआधी एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नाही आणि तूही सांगितली नाहीस. सरावाच्या धुराच्या खोलीत मी एकदा घाबरलो होतो. काही दिसेना, श्वास पुरेना, आणि मी तोंडावरचा मास्क ओढून काढला. तू पाठीमागून माझा पट्टा धरलास, मला जमिनीवर पाडलंस आणि ओढत बाहेर आणलंस. मी ओकत होतो. बाहेरच्यांना तू म्हणालास, "ह्याच्या संचाचा पट्टा तुटला." अहवालात तेच लिहिलंस. माझी नोकरी त्या दिवशी तुझ्या एका खोट्या वाक्यावर टिकली. माझ्यासाठी तू खोटं बोललास आणि पुढं तुझ्यासाठी मला एकदा खरं बोलायचं होतं, ते मला जमलं नाही.

आता त्या दिवसाबद्दल. जहाजाचं नाव लिहीत नाही, ते कधीच मोडीत निघालं. इंजिनघरात तेलाची आग होती. आत जाऊन विझवायचे दोन प्रयत्न झाले, जमलं नाही. मग हुकूम आला की सगळ्यांना बाहेर काढा, दारं बंद करा आणि आत वायू सोडा. तो वायू आग मारतो, आणि आत माणूस असेल तर माणूसही. म्हणून तो सोडण्याआधी दारावरच्या माणसानं मोठ्यानं सांगायचं असतं, "जागा रिकामी." दारावर मी होतो. वायू सोडायच्या दांड्यावर तू होतास.

शेवटचा बाहेर आला तो चीफ अप्पाराव. आंध्रातल्या किनाऱ्यावरचा, निवृत्तीला थोडे महिने उरलेला, त्या इंजिनांना पोरांसारखं वागवणारा माणूस. त्यानं आपला बिल्ला माझ्या हातातून घेतला आणि छातीवर लावला. पाटी रिकामी झाली. आपण दार लावलं, खिट्ट्या आवळल्या. चीफ मागं कुठंतरी पाणी पीत असेल असं मी धरून चाललो. त्याच्या डोक्यात आलं असणार की तेलाची एक झडप अर्धी उघडी राहिलीय, आणि ती बंद केली नाही तर वायूनंही आग मरणार नाही. सांगायला, विचारायला वेळ घालवायचा नाही म्हणून तो पलीकडच्या बाजूला गेला आणि सुटकेच्या अरुंद शिडीनं परत खाली उतरला. त्या वाटेवर ना मी होतो ना पाटी. बिल्ला त्याच्या छातीवरच होता. झडप त्यानं बंद केली, ती नंतर बंद सापडली. तोवर शिडीचा बोगदा धुरानं भरला असणार, म्हणून तो आपल्या दाराकडं आला.

पाटी रिकामी होती, सलीम. ते मी मोठ्यानं म्हणालो. तू दांड्याला हात घातलास आणि थांबलास. तीन ठोके आले होते. तू माझ्याकडं वळून विचारलंस, "आवाज आला?"

मी पाटीकडं बघितलं. "पाटी रिकामी आहे," मी म्हणालो.

"पाटीचं नाय विचारत. आवाज आला का?"

"नाही. पोलाद तापलंय. ओढ."

तू ओढलास.

चौकशीत मला विचारलं, काही ऐकू आलं होतं का. मी म्हणालो, "नाही साहेब." तुला विचारलं, तू म्हणालास, तीन ठोके. दोन माणसं एकाच दाराशी उभी, एकाला ऐकू आलं आणि एकाला नाही. चौकशी करणाऱ्यांनी बराच विचार केला असेल. शेवटी असं ठरलं की चीफ बिल्ला न देता, परवानगी न घेता आत गेला आणि वायू सुटण्याआधीच धुरानं गेला. तापलेल्या पोलादाचे आवाज येतात आणि अशा वेळी मनावर ताण असतो. दोष कोणाचा नाही, असलाच तर मेलेल्याचा. तुला डॉक्टरांकडं पाठवलं, मग किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवायला नेमलं. तू परत जहाजावर पाऊल ठेवलं नाहीस. मला त्याच वर्षी बढती मिळाली. तिच्यासाठी तू मला अभिनंदनाचं पत्र पाठवलंस, आणि त्याच्या खाली एक ओळ होती, "दिल्या, खरंच नाय आलं?"

त्यानंतर ती ओळ संपलीच नाही. आपण दोघं निवृत्त होऊन परत गावी, उस्मानपुऱ्यात आलो, एका गल्लीच्या अंतरावर. तू आग विझवायचे लाल सिलिंडर भरून द्यायचं दुकान टाकलंस आणि हॉटेलं, दवाखाने, कारखाने तपासत फिरायला लागलास. मी तुझ्या मागं वही घेऊन. माणसं तुला वैतागायची. हर्सूलच्या वाटेवरचं ते मंगल कार्यालय आठवतं? मागच्या दाराला साखळी आणि कुलूप. मालक म्हणाला, "साहेब, मागचं दार उघडं ठेवलं का फुकटे शिरतेत जेवायला. आमी किती जणांवर ध्यान ठेवावं?" तू एक खुर्ची ओढलीस आणि त्या दाराला पाठ लावून बसलास. आत अक्षता पडल्या, वाढपी पळाले, नवरीचा मामा येऊन गेला, मग नवऱ्याचा काका. तू आपला बसलेला. "लगीन होऊ द्या," तू म्हणालास, "कुलूप हाय तोवर मी हाय." शेवटी मालकानं कपाळावर हात मारला आणि किल्ली आणली. मग तू उठलास, पंगतीत बसलास आणि पोटभर जेवून पहिला फुकटा म्हणून नाव नोंदवलंस. पुढं त्याच मालकानं आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तुला घरी आणून दिली.

मी त्या दिवशी हसलो खूप, पण बंद दाराला पाठ लावून बसलेला तू मला बघवत नव्हतास.

तुझ्या घरातली ती फळी तर सगळ्या गल्लीला माहीत होती. दाराशेजारी लाकडी फळी, तिच्यावर खिळे आणि प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला. घरात आलं की बिल्ला अडकवायचा, निघताना काढून खिशात घालायचा. भाभी वैतागायची, "हे घर आहे का जहाज?" तुझी लेक रुक्साना कॉलेजला जाताना बिल्ला न्यायला विसरली तर तू स्कूटरवर तिच्या मागं जायचास. माझ्याही नावाचा केलास. मी तुझ्याकडं दिवसातून दोनदा यायचो, त्यामुळं तो बहुतेक वेळ फळीवरच असायचा. घरी जाताना मी तो न्यायला विसरायचो आणि तू काही म्हणायचा नाहीस. "तू आतलाच हायेस," एकदा म्हणालास. दिवसभर तुझं दार उघडं. बंद असलं तर त्यावर कागद चिकटवलेला, दार ठोकू नका, बेल दाबा. बेलला तू चिमणीचा आवाज लावला होतास. मला त्या चिमणीचा राग यायचा.

आणि कानाचा डॉक्टर. भाभीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हे झोपेतून उठून दार उघडून बघतात, कोणी नसतं, यांचे कान वाजतात, तुम्ही नेऊन आणा. मी तुला माझ्या स्कूटरवर मागं बसवून नेलं, सलीम. मी नेलं. डॉक्टरांनी तुझ्या कानांना यंत्र लावलं, बटण दाबायला सांगितलं, तू प्रत्येक बारीक आवाजाला बटण दाबत गेलास. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. तू खूष होऊन माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, "मग मनाचं असेल." परत येताना तू माझ्या पाठीला धरून बसला होतास.

आपलं मोठं भांडण झालं ते चीफच्या बायकोवरून. तू दर वर्षी तिला फोन करायचास. तिचं हिंदी मोडकं, तुझं तेलुगू शून्य, तरी पाच मिनिटं बोलणं व्हायचं. एकदा फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी बसलो होतो. तिनं विचारलं, "लास्ट में कुछ बोला क्या वो?" तू माझ्याकडं बघत राहिलास. मग म्हणालास, "नहीं अम्मा, पता नहीं." फोन ठेवल्यावर तू म्हणालास, आपण जाऊ तिच्याकडं. मी म्हणालो, वेडा झालास काय. तिला काय सांगणार, की तुझ्या नवऱ्यानं दार वाजवलं आणि आम्ही उघडलं नाही? इतक्या वर्षांनी त्या बाईच्या जखमेवर मीठ चोळून काय मिळणार?

तू शांतपणे बोललास. तुझं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. "दिल्या, तिच्या गावात लोक बोलतेत, हुकूम मोडून आत गेला, अपनी गलती से मरा. तिच्या पोरानं बाप म्हणजे बेपर्वा माणूस, असं ऐकत जिंदगी काढली. तो झडप बंद करून दारापर्यंत आला होता. एवढं तिला माहीत पायजे. पण मी एकटा बोललो तर काय? माझ्या नावापुढं मनावर ताण लिहिलंय. तुझा शब्द पायजे."

"मी ऐकलंच नाही तर काय शब्द देऊ?"

"दार उघडायला पायजे होतं, असं मी म्हणत नाय. उघडलं असतं तर आग वर आली असती, मलाही कळतं. उघडलं का नाय ते वेगळं. ऐकलं का नाय, एवढंच सांग."

तू मला इतकी सोपी वाट करून दिली होतीस. उघडलं नाही याचा दोष तू मला देतच नव्हतास. मी मात्र ओरडलो, तुझ्या डोक्यात बिघाड झालाय, तू मलाही वेडं करणार आहेस, असं काय काय. भाभी बाहेर आली. तिच्यासमोर मी म्हणालो, "सांगा याला, काही आवाज नव्हता." आणि तिनं तुला ते सांगितलं. आठ दिवस मी तुझ्याकडं आलो नाही. नवव्या दिवशी तूच आलास, खाली गल्लीत उभा राहून हाक मारलीस, दार न वाजवता.

मी का खोटं बोललो? याचं उत्तर मी तुला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं दिलं असतं. आधी बढती. मग भीती, की चौकशी परत उघडेल. मग लाज. मग सवय. शेवटी शेवटी तर मला वाटायचं की मी तुला सांभाळतोय. तुला जर कळलं की खरंच तिथं माणूस होता आणि तू दांडा ओढलास, तर तू मोडशील, त्यापेक्षा भास समजून तू सोडून दिलेलं बरं. किती छान कारण होतं ते. ते सापडल्यावर मला चांगली झोप लागायला लागली. जागा तू राहायचास.

तुझी छाती गेली काही वर्षं भरलेलीच होती. इतक्या आगींचा धूर कुठं जाणार. दवाखान्यातली ती शेवटून तिसरी दुपार. भाभी नमाजाला गेली होती. तू मास्क वर उचललास. "दिल्या, एकदाच. फक्त व्हय का नाय."

मी मास्क धरून तुझ्या तोंडावर परत बसवला. म्हणालो, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय. एकेकाळी माझा मास्क निघाला तेव्हा तू मला ओढून हवेत आणलं होतंस. मी तुझं तोंड मास्कनं बंद केलं. तू रागावला नाहीस. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवलंस, सारखं अंतर ठेवून, आणि माझ्याकडं बघत राहिलास. मी सिस्टरला बोलावून आणतो म्हणून उठलो. बाहेर सिस्टर नव्हती. मी जिन्यावर बसून राहिलो आणि भाभी आल्यावर परत आत आलो. त्यानंतर तू विचारलं नाहीस.

परवा मी तुझ्या घरी गेलो. दार बंद होतं. चिमणीची बेल बंद पडली होती, कोणाला सेल बदलायचं सुचलं नसेल. मला दार वाजवायचं होतं आणि हात वर जाईना. मी पालथा हात दाराला लावून उभा राहिलो. शेवटी रुक्सानाच भाजी घ्यायला म्हणून बाहेर आली आणि तिला मी तसा दिसलो. तिनं आत नेलं. भाभी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरच्या त्या दिवसांत परपुरुषासमोर येत नाही, म्हणून पडद्यामागं बसली. रुक्साना पडद्याशी बसली. मी पडद्याकडं बघून सगळं सांगितलं. ठोके मी ऐकले होते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं म्हणालो.

पडद्यामागून भाभीचा आवाज आला, रडका नव्हता. "दिलीपभाऊ, बावीस साल मी त्यांना बोलत राहिले, तुमचे कान वाजतेत, सोडून द्या. ते बोलायचे, नसीम, मी ऐकलं. मी बोलायची, मग दिलीपभाऊ झूठ बोलतात का? ते गप्प व्हायचे. दर वेळेस, तुमचं नाव घेतलं का गप्प व्हायचे."

मी म्हणालो, "भाभी, मला माफ करा."

"मला कायको सांगताय? मी दाराशी होते का? त्यांना सांगा. आणि त्या बाईला सांगा, ती अजून जिंदा आहे." मग ती लेकीला म्हणाली, "रुक्साना, फळीवरचा त्यांचा बिल्ला काढून दे त्यांना."

रुक्सानानं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं माझा बिल्ला काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि दार उघडून बाजूला उभी राहिली. तुझा बिल्ला फळीवरच होता. तो काढावा की राहू द्यावा, हे त्यांना ठरवता आलेलं नसावं. मी पायऱ्या उतरलो आणि मागं दार लागलं.

कबरीपाशी जाऊन आलो. तिथं मोठ्यानं बोलायला जमलं नाही, राखणदार झाडांना पाणी घालत होता. म्हणून लिहितोय. लिहून झालं की हेच कागद खिशात घालून मी चीफच्या गावाला निघणार आहे. असलं पत्रानं कळवायचं नसतं, समोर बसून सांगायचं, असं तू म्हणायचास. चौकशी परत उघडली तर उघडू दे. माझा शब्द तुझ्या शब्दाशेजारी ठेवायचाय. तू असताना ठेवला असता तर आपण दोघं गेलो असतो, तू खिडकीशी बसला असतास आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर काहीतरी खाल्लं असतंस. आता एकट्यानं जायचंय आणि ते मला बरोबर वाटतं.

तिला सांगायच्या आधी तुला सांगतो. तापलेलं पोलाद सारख्या अंतरानं वाजत नाही, हे तूच शिकवलं होतंस, आणि ते मला त्या क्षणीही आठवलं होतं. ते ठोके सारख्या अंतरानं होते. पाटीकडं मी बघितलं, कारण तुझ्या डोळ्यांकडं बघायचं नव्हतं.

आणि तू मोजण्यात चुकलास, सलीम. तू तीन म्हणत राहिलास. तीन ठोके झाले, तू विचारलंस, मी नाही म्हणालो, तू दांडा ओढलास. वायू सुटला तो आवाज तुझ्या कानाशी होता, म्हणून पुढचं तुला ऐकू आलं नाही. माझी पाठ दाराला टेकली होती. चौथा मला पाठीत लागला, हलका, खूप खालून. चीफ तोवर खाली बसला असणार.

चार होते. तुझे कान चांगले होते.